अस्सल कशास म्हणावे?

छावणीत आमच्या शेजारी एक निवृत्त मेजर राहतात. त्यांच्या बैठकीत, पलटणीच्या छायाचित्रांच्या रांगेशेवटी, एक लाकडी मुखवटा पुष्कळ वर्षे टांगलेला होता. वीतभर उंचीचा, तोंडवळा पिंपळपानासारखा, वर रुंद आणि हनुवटीकडे निमुळता, अंगावर पांढऱ्या मातीचा लेप, डोळ्यांच्या जागी दोन बारीक फटी, आणि खाली दाढी म्हणून वाखासारख्या तंतूंचा झुबका. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर मेजरसाहेब पूर्व काँगोत गोमा येथे होते, तेव्हा एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी तो घेतला होता. विक्रेता म्हणाला होता की, हा माझ्या आजोबांचा. ते लेगा जमातीतले मोठे मानकरी होते. मेजरसाहेब ही हकीकत प्रत्येक पाहुण्यास सांगत, आणि आम्ही शेजाऱ्यांनी ती इतक्या वेळा ऐकली होती की, त्या अनोळखी आजोबांविषयी आम्हांसही एक प्रकारचा आदर वाटू लागला होता.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे मुंबईचे एक जाणकार गृहस्थ आले. त्यांनी मुखवटा खिळ्यावरून काढून घेतला, पालथा करून पाहिला, नाकाशी नेऊन हुंगला आणि काठावरच्या छिद्रांतून बोट फिरविले. दोरीने छिद्रांच्या कडा झिजलेल्या नव्हत्या. आतल्या बाजूस हाताच्या वा तेलाच्या खुणा नव्हत्या. मातीचा लेप एका बैठकीत दिलेला दिसत होता, आणि धुराचा काळेपणा केवळ वरवरचा होता. "बाजाराकरिता केलेला आहे," असे म्हणून त्यांनी तो परत ठेवला. पुढल्या आठवड्यात मी गेलो तो खिळा मोकळा होता. मेजरसाहेब जरा खिन्नपणे म्हणाले, "खोटा निघाला. कपाटात टाकून दिला."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. त्या एका संध्याकाळी खोटे झाले ते नेमके काय? लाकूड तेच होते. पिंपळपानाची ती रेषा, जिच्याकडे पाहून आमच्या घरातली लहान मुलेही क्षणभर गप्प होत, ती तशीच होती. काल जो मुखवटा सुंदर होता तो आज लाज वाटण्याजोगा झाला, आणि त्याच्या अंगावर तर एक ओरखडाही उठला नव्हता.

ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा तर प्रथम त्या जाणकारांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. ते लहरीने बोलले नव्हते. आफ्रिकेतील पारंपरिक कलेच्या संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी अस्सलपणाची जी कसोटी सर्वसाधारणपणे मान्य केली आहे ती अशी : वस्तू त्या परंपरेतल्या माणसाने केलेली असावी, त्या परंपरेतल्या कार्यासाठी केलेली असावी, आणि त्या कार्यात ती प्रत्यक्ष वापरली गेलेली असावी. ह्यांपैकी पहिली अट पुरी होऊन दुसरी वा तिसरी अपुरी राहिली, तर वस्तू 'प्रवाशांसाठी केलेली' ठरते आणि तिचे मोल एकदम कवडीचे होते.

लेगा लोकांपुरते पाहिले तर ही कसोटी अगदी निराधार नाही. त्यांच्यात 'ब्वामी' नावाची एक संस्था होती. तीत पायरीपायरीने चढत जावयाचे, आणि प्रत्येक पायरीवर नीतीचे पाठ घ्यावयाचे. मुखवटा हे त्यातल्या एका विशिष्ट पायरीचे चिन्ह. तो तोंडावर बांधलाच पाहिजे असे नव्हते. तो हातात धरीत, दंडास बांधीत, जमिनीवर मांडीत, कुडावर टांगीत. धारण करणारा मेला की मुखवटा त्याच्या नात्यातल्या वारसाकडे जाई. त्यास तेल लावीत, त्याच्यावर पांढरी माती चढवीत, आणि पिढ्यांच्या हातांनी त्यास एक झळाळी येई. बेल्जियन सरकारने १९४८ साली ब्वामीवर बंदी घातली. तेव्हा अशा झळाळीचे मुखवटे थोडे आणि मागणारे फार अशी स्थिती व्हावी, हे ओघानेच आले.

आणि जेथे मागणी तेथे लबाडी. नवा मुखवटा चुलीवरच्या धुरात टांगून काळा करतात, ओल्या मातीत पुरतात, वाळवीच्या स्वाधीन करतात. शास्त्रज्ञ ह्यावर उपाय शोधतात, आणि लबाड त्या उपायांवर उपाय शोधतात. भाजलेल्या मातीच्या मूर्तीत शेवटच्या भाजणीनंतर साठत गेलेली ऊर्जा मोजून तिचे वय काढता येते. तर खरोखरीच्या जुन्या खापऱ्या जुळवून नवी मूर्ती उभी करतात. कर्बाच्या परीक्षेने लाकूड किती जुने ते कळते; परंतु ते लाकूड कोरले केव्हा हे ती परीक्षा सांगत नाही. जुन्या घराची तुळई घेऊन आज मूर्ती कोरली तर परीक्षेच्या दृष्टीने ती मूर्ती तुळईएवढी म्हातारी. म्हणून परीक्षक मोलाचा आहे, आणि त्याच्या संशयीपणास आपण हसू नये.

एवढे मान्य करून तीच कसोटी आपल्या गावास लावून पाहू. दुसऱ्याच्या घरातले खरेखोटे ठरविण्यापूर्वी तो मापदंड आपल्या उंबरठ्याच्या आत आणावा, हे बरे.

छावणीतून फार दूर नाही तो बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. १६६०-६१ च्या सुमारास ती पुरी झाली. 'गरिबाचा ताजमहाल', 'ताजची नक्कल' हे शब्द आपण शाळेच्या सहलीपासून ऐकत आलो आहोत. नक्कल तर ती उघड आहे. चार मिनार, मधला घुमट, समोरचा पाण्याचा पाट, सर्व आराखडा आग्ऱ्याचा. संगमरवरही पुरता नाही. घुमटास आणि खालच्या पट्ट्यास तो वापरला, आणि मधल्या भागास दगडावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा देऊन वेळ साजरी केली. परंतु ह्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर दोन नावे आहेत : शिल्पी अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपत राय. ह्यांतील अताउल्ला हा ताजमहालाचा शिल्पी उस्ताद अहमद लाहोरी ह्याचा मुलगा. बापाचा आराखडा मुलाने दक्षिणेत पुन्हा मांडला आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. ह्यास नक्कल म्हणावे, की घराण्याची विद्या म्हणावे? आपल्याकडे गवयाचा मुलगा बापाची चीज बापाच्या ढंगाने गातो, तेव्हा आपण त्यास खोटा गवई म्हणत नाही.

दुसरे उदाहरण हिमरूचे. हा आमच्या शहराचा अभिमान. लग्नकार्यात हिमरूची शाल खांद्यावर घालणे म्हणजे एकेकाळी प्रतिष्ठेची परिसीमा होती. आज गुंफांच्या वाटेवरच्या दुकानांत यंत्रमागावरचे स्वस्त कापड हिमरू म्हणून खपविले जाते, आणि हातमागावरचे विणकर बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती तक्रार खरी आहे. तथापि 'हिमरू' ह्या नावाची जी व्युत्पत्ती सांगतात ती ऐकून माणूस थबकतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ म्हणे 'सारखा', 'तत्सम'. कशासारखा? तर किनखापासारखा. किनखापात जर आणि रेशीम. ते राजेरजवाड्यांस परवडणारे. म्हणून कोणा विणकराने सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा घेऊन तीच वेलबुट्टी उठविली, आणि तिला सरळ नाव दिले 'सारखा'. ज्याचे नावच 'मी दुसऱ्यासारखा आहे' असे सांगते, त्या कापडाच्या अस्सलपणासाठी आपण भांडतो आहोत! आणि गंमत अशी की हे भांडण मुळीच हास्यास्पद नाही.

ते हास्यास्पद का नाही, हे उमगले म्हणजे मूळ प्रश्नाची अर्धी गाठ सुटते. हिमरू किनखापासारखा होता. परंतु 'मी किनखाप आहे' असे तो कोणास सांगत नव्हता. मकबरा ताजसारखा आहे. परंतु त्याच्या दारावर उस्ताद अहमदाचे नाव नाही, अताउल्लाचे आहे. याउलट यंत्रावरचे कापड 'मी हातमागाचा हिमरू आहे' असे सांगून गिऱ्हाइकाचे पैसे घेते. खोटेपणा दिसण्यात नाही, सांगण्यात आहे. वस्तू स्वतः बोलत नाही. तिच्याविषयी कोणीतरी बोलतो, आणि खरेखोटे त्या बोलण्यास लागू पडते. मेजरसाहेबांच्या मुखवट्यात खोटे काही नव्हते. 'हा माझ्या आजोबांचा' हे विक्रेत्याचे वाक्य खोटे होते. शिक्षा मात्र मुखवट्यास झाली.

आता कोणी म्हणेल की, मुखवटा विकण्यासाठी केला, श्रद्धेने केला नाही, हा दोष तरी त्यात उरतोच. ह्या आक्षेपाचे मला नेहमी नवल वाटते. युरोपातला मोठा चित्रकार पैसे घेऊन चित्रे काढतो. आपले पैठणी विणणारे, बिदरी कोरणारे, मूर्ती घडविणारे सर्व मजुरी घेतात. पंढरपूरच्या वाटेवरचा टाळ करणारा कासार टाळाचे दाम घेतो. ह्यांपैकी कोणाच्या कामाचा अस्सलपणा मोबदल्यामुळे बाटला असे आपण मानत नाही. आफ्रिकेतल्या कारागिराने तेवढे पैशाच्या वाऱ्यासही उभे राहू नये, बाहेरच्या गिऱ्हाइकाचे तोंड पाहू नये, आजोबांच्या पद्धतीत काडीचा फरक करू नये, ही अपेक्षा कोठून आली? ती त्याच्या कलेविषयीच्या आदरातून आली असे म्हणतात. मला वाटते, ती त्यास काळाबाहेर ठेवण्याच्या इच्छेतून आली. आम्ही बदलावे, शिकावे, व्यापार करावा. त्याने मात्र आमच्या भिंतीसाठी आदिम राहावे.

वस्तुस्थिती ह्या कल्पनेस कधीच अनुकूल नव्हती. आज ज्यास सिएरा लिओन म्हणतात त्या किनाऱ्यावरच्या सापी कारागिरांनी पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांसाठी हस्तिदंताची मिठाची भांडी कोरली. ती परक्यांच्या मागणीवरून, परक्यांच्या मेजासाठी, रोख सौद्याने केलेली. आज ती जगातल्या मोठ्या संग्रहालयांतले अलंकार आहेत, आणि ती 'प्रवाशांसाठी केलेली' म्हणून कोणी कपाटात टाकीत नाही. आपल्या गोमंतकातही तेच घडले. तेथल्या हस्तिदंती कामगारांनी बाल येशूला मेंढपाळाच्या रूपात कोरले, आणि त्या मूर्ती समुद्रापार गेल्या. सौदा चारशे वर्षांपूर्वी झाला की ती कला ठरते, आणि कालपरवा झाला की बाजारू ठरते. मग आपण तपासतो ते अस्सलपण की केवळ वय?

आणि ज्या गावात बसून मी हे लिहीत आहे, त्या गावाने तरी हा प्रश्न विसरू नये. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे हे शहर १६१० साली खडकी ह्या नावाने वसविले ते मलिक अंबराने. तो जन्माने हबशी, आजच्या इथिओपियातला. बालपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दक्षिणेत आला, आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात खेळविले; खुलताबादेस त्याची कबर आहे. 'परंपरेतला माणूस, परंपरेच्या जागी, परंपरेच्या कार्यासाठी' ही कसोटी अंबरास लावली तर त्याचे सारे आयुष्य बनावट ठरेल. तो ना आपल्या देशी राहिला, ना आपल्या जन्मनावाने राहिला, ना आपल्या लोकांसाठी झटला. तरी खडकी त्याचीच. त्याच्या हातून घडले ते त्याचेच अस्सल काम, कारण ते त्याने केले आणि येथे केले.

येथवर आल्यावर मनास असे वाटू लागते की, मग परीक्षकाची गरजच काय? वस्तू सुंदर असली म्हणजे झाले. जुनी असो, नवी असो. परंतु हेही बरोबर नाही. समजा, वारलेल्या आईचे म्हणून एक पत्र आपण जपून ठेवले आहे, आणि एके दिवशी कळले की ते दुसऱ्याच कोणी तिच्या हस्ताक्षराची नक्कल करून लिहिले. अक्षर न् अक्षर तेच असले तरी आपण ते पूर्वीसारखे हातात धरू शकणार नाही. कारण पत्रातून आपण कागदाकडे जात नव्हतो, एका माणसाकडे जात होतो. आणि तो रस्ता कोणीतरी दुसऱ्याच दाराशी नेऊन सोडला होता. जुन्या कलाकृतीपाशी आपण उभे राहतो तेव्हाही कोणा एकाच्या हातापाशी, एका काळापाशी जात असतो. धूर देऊन म्हातारा केलेला मुखवटा आपली ही भेट फसवितो. म्हणून लबाडी ही लबाडीच, आणि ती उघडकीस आणणारा परीक्षक उपकारकर्ताच. मात्र जो नवा मुखवटा नवा म्हणूनच दिला जातो, तो आपली कोणाशीही खोटी भेट घालून देत नाही. तो एका जिवंत माणसाकडे नेतो. त्या माणसास भेटण्याची आपणांस इच्छा नसेल, तर तो दोष मुखवट्याचा नव्हे.

आता तिसऱ्या अटीकडे वळू. वस्तू वापरलेली असावी, ही ती अट. ह्या अटीपाशी माझी बुद्धी पूर्वी अडत नसे. ती अडू लागली एका घरगुती प्रसंगाने, आणि त्यात चूक माझीच होती.

तीसेक वर्षांपूर्वी छावणीच्या आठवडी बाजारात मोडीच्या पितळेच्या ढिगात मला खंडोबाचा एक मुखवटा सापडला. नाक झिजून जवळजवळ सपाट झालेले, मिशांचे पीळ बोटांनी पुसट केलेले, आणि डोळ्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांच्या भंडाऱ्याचा पिवळेपणा घट्ट बसलेला. अस्सलपणाचा ह्याहून मोठा पुरावा कोणता? विक्रेत्याने तो तराजूत टाकून वजनावर दिला. मी हर्षभरित होऊन घरी आलो आणि तो बैठकीच्या भिंतीवर कोठे शोभेल हे पाहू लागलो. आईने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि विचारले, "कुणाच्या देव्हाऱ्यातला रे हा?"

मजजवळ उत्तर नव्हते. जी खूण पाहून मी तो अस्सल ठरविला होता, तीच खूण तिला दुसरे काही सांगत होती. ते नाक कोणाच्या तरी आजीने, सुनेने, नातसुनेने रोज स्नान घालून झिजविले होते. ते घर कोणते? कर्जात गेले, वाटण्यांत फुटले, की कोणी रात्री देव्हाराच उचलला? पुढच्या बाजारी मी त्या विक्रेत्याकडे गेलो. त्याने तो एका पोत्यात दुसऱ्याकडून घेतला होता, आणि त्या दुसऱ्याचा पत्ता त्याजजवळ नव्हता. आईने मग तो मुखवटा भिंतीवर लावू दिला नाही. आमच्या टाकांशेजारी त्यास जागा दिली, आणि "घरचे येईपर्यंत पाहुणा आहे" असे म्हणून चंपाषष्ठीस आमच्या देवाबरोबर त्यालाही वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखविला. घरचे कोणी आले नाहीत. आई गेली. पाहुणा अद्याप आमच्याकडेच आहे.

संग्राहक ज्यास 'वापराच्या खुणा' म्हणतो त्या म्हणजे कोणाच्या तरी भक्तीच्या खुणा. त्या जितक्या स्पष्ट, तितकी वस्तू अस्सल. आणि जितकी अस्सल, तितका तो जुना प्रश्न तीव्र : ही तेथून निघाली कशी? लेगा मुखवटा वारसाकडून वारसाकडे जावयाचा होता; तो दुसऱ्या खंडातल्या भिंतीवर पोचला, तर वाटेत कोणत्यातरी वारसाचा हात रिकामा राहिला असला पाहिजे. काही मुखवटे वारसांनी स्वखुशीने विकले, काही धर्म बदलल्यावर टाकून दिले गेले, हेही खरे. परंतु पुष्कळांची कथा तशी नाही. १८९७ साली इंग्रजांच्या फौजेने बेनिनचे नगर जिंकले, राजवाडा जाळला आणि हजारो पितळी पत्रे व मूर्ती उचलून नेल्या. लंडनमध्ये त्या मोहिमेच्या खर्चासाठी विकल्या गेल्या आणि युरोपभर पसरल्या. त्यांच्या अस्सलपणाविषयी आज कोणीही शंका घेत नाही. लुटीची तारीख हाच त्यांचा उत्तम दाखला! दीर्घ वादानंतर २०२२ साली जर्मनीने आपल्या संग्रहालयांतील अशा वस्तूंचे स्वामित्व नायजेरियास देण्याचा करार केला. इकडे बेनिन शहरात ओतारी लोकांची ती जुनी आळी अद्याप आहे. आपल्याकडे ज्यास मधूच्छिष्टविधान म्हणत, त्याच मेणाच्या साच्याच्या पद्धतीने तेथले कारागीर आजही पितळ ओततात आणि येणाऱ्याजाणाऱ्यास विकतात. त्यांच्या कामास बाजार 'नक्कल' म्हणतो. आजोबांच्या हातचे लुटून नेलेले ते अस्सल, आणि नातवाच्या हातचे दाम मोजून घेतलेले ते नकली! ह्या न्यायास काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

पूजकाच्या दृष्टीने तर जुन्यानव्याचा हा भेद आणखी निराळा आहे. आपल्या घरातले टाक झिजून देवाचे रूप ओळखू येईनासे झाले की आपण सोनाराकडून नवे करवून घेतो, देवस्थानी नेऊन उजळून आणतो, आणि जुने पाण्यात सोडतो किंवा नव्यात आटवतो. त्या दिवसापासून नवा टाक हाच देव. कालचा सोनार कोण होता, चांदी कोणत्या पेढीची होती, हे देवास कोणी विचारीत नाही. आफ्रिकेच्या दमट हवेत आणि वाळवीच्या राज्यात लाकूड फार काळ टिकत नाही. तेथेही मुखवटा खंगला की नवा कोरीत आणि जुना सोडून देत. म्हणजे ज्यांची ही परंपरा, त्यांच्या लेखी अस्सल तो, जो आज कार्याला उभा आहे. संग्राहकाच्या लेखी अस्सल तो, जो कार्यातून कायमचा निघाला. एकाच शब्दाने आपण परस्परविरुद्ध गोष्टी मागत आहोत.

मग काय, एका देशाची वस्तू दुसऱ्या देशात जाऊच नये? असे मी म्हणणार नाही. देवघेवीचा सरळ मार्गही आहे, आणि त्याचे एक सुंदर उदाहरण नायजेरियातच आहे. योरुबा प्रदेशातल्या ईसे गावचा ओलोवे हा थोर काष्ठशिल्पी. त्याने इकेरेच्या राजवाड्यासाठी एक कोरीव दरवाजा केला होता. १९२४ साली लंडनजवळ वेम्बली येथे साम्राज्याचे प्रदर्शन भरले, तेथे तो दरवाजा मांडला गेला, आणि ब्रिटिश म्युझियमने तो मागितला. इकेरेच्या राजाने तो विकण्याचे नाकारले. मात्र इंग्लंडात घडविलेले एक सिंहासन घेऊन बदल्यात तो दिला, आणि राजवाड्यासाठी ओलोवेकडूनच दुसरा दरवाजा करवून घेतला. लंडनचा दरवाजा अस्सल, की इकेरेचा? दोन्ही ओलोवेचे, दोन्ही त्याच्या राजाच्या इच्छेने जागच्या जागी. येथे खरेखोटे ठरविण्यास भिंग लागत नाही, कारण देणारा कोण, घेणारा कोण, करणारा कोण आणि मोबदला काय, हे सर्व उघड आहे.

तेव्हा मला वाटते, कलावस्तू हाती आली असता प्रश्न तीन विचारावेत. ही कोणी, केव्हा केली, हे मला जे सांगितले गेले ते खरे आहे काय? ती येथवर आली ती कोणाचा हात रिकामा करून आली काय? आणि ती चांगली आहे काय? पहिला प्रश्न परीक्षकाचा, दुसरा माझ्या आईचा, आणि तिसरा प्रत्येकाने आपल्या डोळ्यांस विचारावयाचा. आपण एकट्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर तिन्हींचा निकाल लावतो, आणि त्यातही सत्याऐवजी वय मोजतो, हीच आपली चूक होते.

गेल्या आठवड्यात मी हे सर्व मेजरसाहेबांस बोलून दाखविले. ते शिपाईगडी, लांबण त्यांस आवडत नाही. त्यांनी मध्येच विचारले, "म्हणजे माझ्या मुखवट्यापायी कोणाचा देव्हारा रिकामा झालेला नाही, असेच ना?" मी होय म्हणालो. ते उठले, कपाटातून मुखवटा काढला, त्याच्यावरची धूळ झटकली आणि तो पुन्हा खिळ्यास लावला. मग म्हणाले की, आता पाहुण्यांस खरी हकीकत सांगितली पाहिजे. ती कागदावर लिहून मागे चिकटवितो. त्यांनी लिहिले : गोमा येथे विकत घेतला. नवा होता. लेगा पद्धतीचा. पुढे 'करणारा' असा शब्द लिहून ते थांबले आणि लेखणी हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

"आजोबांचे नाव मी दोनदा विचारले होते," ते म्हणाले. "कोरणाऱ्याचे विचारायचे सुचलेच नाही."

ती जागा त्यांनी कोरी ठेवली आहे.